शून्याची किंमत

विचारलेला प्रश्न सुटला की विचारणाऱ्याची अडचणही सुटते, असे आम्ही बरीच वर्षे मानीत आलो. इंटरसिस्टिम्स कंपनीच्या कॅशे, एन्सेम्बल आणि २०१८ साली आलेल्या आयरिस या प्रणालींवर काम करणाऱ्या मंडळींचे शंकानिरसन करणे हा आमचा उद्योग. या प्रणालींचे मूळ १९६६-६७च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात जन्मलेल्या मम्प्स भाषेत आहे. तिचे काही स्वभावविशेष अद्याप टिकून आहेत. २+३*४ असे लिहिले, तर डावीकडून उजवीकडे सरळ चालत जाऊन ती २० हे उत्तर देते. शाळेत १४ शिकलेला प्रोग्रामर गोंधळतो, आम्ही "कंस घाला" म्हणतो आणि तो निश्चिंत होतो.

एका इस्पितळाचे काम पाहणाऱ्या तरुणीने एकदा विचारले, "सर, नोंद डोळ्यांना दिसते, पण प्रोग्रामला सापडत नाही. असे का?" नोंदीत रुग्णक्रमांक होता ००४१७, प्रयोगशाळेच्या संदेशात येई ४१७. प्रणालीच्या लेखी पहिली अक्षरांची माळ आणि दुसरी संख्या, म्हणून दोघांच्या जागा वेगळ्या. "दोन्हीकडे क्रमांकाआधी अधिक चिन्ह लावा, सुरुवातीची शून्ये गळतील," असे आम्ही दोन ओळींत कळवले. उत्तर अचूक होते. तिने आभारही मानले.

महिन्याभराने तिचा फोन आला. इस्पितळाच्या दोन शाखा होत्या. जुन्या शाखेचे क्रमांक शून्याने सुरू होत, नव्या शाखेचे होत नसत. ००४१७ आणि ४१७ ही दोन निरनिराळी माणसे होती! चाचणी चालू असताना एका रुग्णाची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर पडलेली एका परिचारिकेने पाहिली, म्हणून निभावले. शेवटी नोंदीच्या किल्लीत आधी शाखा आणि मग शून्यांसकट क्रमांक अशी रचना केली, आणि प्रयोगशाळेलाही दोन्ही जसेच्या तसे पाठवायला सांगितले.

"मीच सगळे सांगितले नव्हते, सर," ती म्हणाली. पण आम्ही तरी कुठे विचारले होते? त्या शून्यांना आम्ही फोलपट समजलो होतो.

तेव्हापासून अशी शंका आली, की उत्तराआधी आम्ही विचारतो, "हे क्रमांक देतो कोण?" घाईत असलेली मंडळी वैतागतात. वैतागू देत.