दापोडीची चित्रं

दापोडी, पुणे १२

चि. मुक्ता,


एडिंबरात तुला वनस्पती उद्यानाजवळच खोली मिळाली, हे तुझ्या बाबाकडून कळलं आणि लगेच लिहायला बसले. हे फोनवर सांगून भागणारं नाही. त्या उद्यानाच्या संग्रहात आपल्या गावची चित्रं आहेत. देवळाची किंवा नदीची नव्हेत, तर दापोडीच्या बागेत वाढलेल्या झाडांची. दीडशेहून जास्त आहेत. तिकडे ती ‘दापुरी’ची चित्रं म्हणूनच ओळखली जातात. हेन्री नोल्टी या तिथल्याच अभ्यासकाने २००२ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक काढलं.

आपलं गाव म्हणजे हद्दीवरचं गाव. सांगवीला जायचं तर पवना ओलांडायची, बोपोडीला जायचं तर मुळा. दोन्ही नद्या इथेच एकमेकींना मिळतात. हॅरिस पुलाच्या या टोकाला पिंपरी-चिंचवड महापालिका आणि त्या टोकाला पुणे महापालिका. थोडं पुढे गेलं की खडकीचं कँटोन्मेंट सुरू. म्हणून जो तो दापोडीला वाटेवरचं ठिकाण समजतो. लोकल थांबते, २०२३ पासून मेट्रोही थांबते, पण इथे पाहायला म्हणून कोणी उतरत नाही. ‘दापोडीत काय आहे? एसटीचं वर्कशॉप आणि लष्कराचं सीएमई,’ असं आपल्याच गल्लीतली मुलं म्हणतात तेव्हा मला फार लागतं.

पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत इथे कॅप्टन फोर्डची पलटण होती. फोर्ड इंग्रज अधिकारी, पण पलटण दुसऱ्या बाजीरावाची. कवायती शिस्तीत तयार केलेली, पगार पेशव्यांच्या खजिन्यातून. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई उभी राहिली, तेव्हा फोर्ड आपली माणसं घेऊन दापोडीहून निघाला, नदी उतरला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला. ज्यांचा पगार घेतला त्यांच्यावरच तोफा डागल्या. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता, म्हणतात. शाळेत आपण पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचं नाव शिकतो, आणि ते योग्यच आहे. पण दापोडीकरांनी मोरो दीक्षितांचंही नाव घ्यायला हवं. ते पेशव्यांचे मंत्री, आणि फोर्डशी त्यांचा जिवाभावाचा स्नेह. लढाई टळत नाही हे दिसल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या घरच्यांकडे बघायचं. दीक्षित त्या दिवशी जरीपटका घेऊन पुढे झाले आणि पडले. तोफ फोर्डच्याच पलटणीची होती असं सांगतात. मला या लढाईतलं दुसरं काही इतकं आत लागत नाही. ज्या पाण्यातून फोर्ड गेला त्यावरून आपण रोज बसने जातो.

फोर्ड गेल्यावर त्याची इथली बंगला-बाग मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतली. १८२८ मध्ये तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं आणि बंगला गव्हर्नरांचं पावसाळ्यातलं घर झाला. पुढे बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सनकडे आला. हा तुझ्या त्या स्कॉटलंडचाच, पेशाने डॉक्टर. देवीची लस टोचत दख्खनच्या गावोगाव फिरलेला, त्यामुळे आपली भाषा त्याला येत होती. इथे आणि जुन्नरकडच्या हिवऱ्याच्या बागेत तो सरकारी दवाखान्यांसाठी औषधी झाडं लावायचा. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगरावरचं रान तोडलं की खालचे झरे आटतात, हे तो त्या काळी सरकारला लिहून कळवत होता. मुळा-पवनेच्या संगमावर राहणाऱ्या आपल्याला तरी हे पटायला हवं. या दोन्ही नद्या सह्याद्रीतूनच खाली येतात. सरकारी माणूस होता, राज्याच्या कमाईकडे त्याचं लक्ष होतंच, तरी मला तो आवडतो.

पण मी लिहायला बसले ते गिब्सनसाठी नाही. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून बागेतली झाडं काढून घेतली. कागदोपत्री त्या चित्रकाराचा उल्लेख ‘पोर्तुगीज’ एवढाच येतो. अभ्यासक त्याला पोर्तुगीज-भारतीय, म्हणजे इथलाच मानतात. त्याचं नाव कुठेही नाही. गव्हर्नरांची नावं आहेत, पुलाला लॉर्ड हॅरिसचं नाव आहे, आणि पान न् पान, पाकळी न् पाकळी रंगवणारा माणूस मात्र बिननावाचा राहिला.

मग गणेशखिंडीत गव्हर्नरचा नवा वाडा उठला, जिथे आता विद्यापीठ आहे. १८६५ च्या सुमारास दापोडीची बाग मोडली. पुढे गणेशखिंडीत नवी बाग झाली, ती अजून आहे. दापोडीचं मात्र कागदावर उरलं ते तुझ्या त्या गावात.

आता नदीत जलपर्णी माजली आहे. अलीकडचे म्हणतात पलीकडून आली, पलीकडचे म्हणतात वरून आली. डासांनी जीव नको केलाय. पण फूल कधी जवळून बघितलंयस का? फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, त्यातल्या सगळ्यात वरच्या पाकळीवर निळसर डाग आणि त्याच्या मधोमध पिवळा ठिपका. गिब्सनच्या काळी ती इथे नव्हती, नाहीतर त्या चित्रकाराने तीही काढली असती.

तर मुक्ता, एवढं कर. संग्रहालयाच्या लोकांना आधी पत्र लिहून विचार, चित्रं प्रत्यक्ष बघायला देतात का. मी दापोडीची, असं त्यांना सांग. एक तास तरी काढ, घाई करू नकोस. कागदाच्या मागे किंवा कडेला पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं तर उतरवून घे, मराठी, मोडी, रोमन, कसंही असो. फोटोला परवानगी मिळाली तर एखाद्या झाडाचा आणि कुठल्याही एका वेलीचा पाठव. मला ते मोठे छापून शाळेत लावायचेत. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, भिंत मिळाली आहे.

फिरंगाईदेवीची तुझ्या नावाने ओटी भरली. थंडीत कान झाकून फिर.

तुझी,
आत्या