हलणं वेगळं, ताणणं वेगळं

डाळमिलची चाळणी मिनिटाला ९०० हेलकावे घेत असली, की सगळ्यांची नजर तिच्या थडथडणाऱ्या टोकावर. जळगावच्या एमआयडीसीत मिस्त्रीही तिकडेच बोट दाखवतो, "भाऊ, इथं लई हालते." मी कॅमेरे लावतो ते खाली, चाळणी तोलून धरणाऱ्या पट्ट्यांवर; पट्ट्यांवर रंगाचे ठिपके मारायचे आणि फोटोंत ते किती सरकले त्यावरून सॉफ्टवेअर स्ट्रेन, म्हणजे लांबीच्या मानाने ताणलं जाणं, काढतं. बुडाशी, जिथे बोल्ट आवळलेत, तिथे हालचाल जवळपास नसते आणि स्ट्रेन सर्वांत जास्त. तडा तिथूनच जातो. साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची पाती पाहा: डुलतं टोक, सोसतं बूड. तिथे रंग मारायला कोण चढणार? अशा पात्यांच्या बुडाशी आतून प्रकाशतंतू चिकटवतात. परतणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीतून स्ट्रेन कळतो.

चाळणीला मात्र रंगच. पट्टीवर मॅट पांढरा, त्यावर काळे शिंतोडे. शिंतोडे अस्ताव्यस्तच हवेत. नवा पोरगा हमखास सुबक जाळी काढतो आणि मग सॉफ्टवेअर एका ठिपक्याला शेजारचा समजतं. महागडा हाय-स्पीड कॅमेराही लागत नाही. ९०० हेलकाव्यांवर स्ट्रोबच्या दिव्याचे मिनिटाला ८९५ फ्लॅश मारले, की एक हेलकावा १२ सेकंदांत संथपणे उलगडतो.

खरी गोम पुढे आहे. ३०० मिमी लांब, ५ मिमी जाड पट्टीचं वरचं टोक एका बाजूला ५ मिमी गेलं, तर बुडाशी स्ट्रेन येतो सुमारे ८०० मायक्रोस्ट्रेन. म्हणजे मीटरमागे ०.८ मिमी ताण. पण तीच पट्टी मीटरभरावरच्या कॅमेऱ्याकडे नुसती १ मिमी सरकली, तरी चित्र हजारात एका भागाने मोठं होतं. झाले १००० मायक्रोस्ट्रेन, तेही खोटे! म्हणून दोन कॅमेरे, तिरके लावलेले. एकाच कॅमेऱ्याने काढलेले रंगीत नकाशे दिसतात छान. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

मे महिन्यात खान्देशात आणखी एक चोर असतो, तापलेली हवा. पत्र्याच्या शेडमध्ये ती थरथरते आणि थांबलेल्या पट्टीतही सॉफ्टवेअर स्ट्रेन दाखवतं. त्यामुळे आधी मशीन बंद ठेवून फोटो काढायचे. तो आकडा मोठा आला तर काम दुसऱ्या दिवशी, पत्रे तापायच्या आत. मालकाचीही त्याला हरकत नसते, कारण मोजणी माल पडायच्या आधीच उरकावी लागते; एकदा माल पडायला लागला, की लेन्सवर डाळीची पूड बसते आणि ठिपकेच दिसेनासे होतात.