दीड एकर

२०१२ साली आजोबा गेले. त्यानंतर महिन्याभरात वडील दोन्ही आत्यांना घेऊन तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेले. मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो. कागदांची पिशवी धरायला सोबत होतो. धाकट्या आत्याने सही केली. थोरलीने अंगठा उठवला आणि बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसली. तो हात अजून डोळ्यांपुढे आहे. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मात्र मला फार उशिरा कळलं. परतताना वडिलांनी दोघींना साड्या घेतल्या.

जमीन साडेचार एकर. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा, हे महाराष्ट्राने १९९४ सालीच मान्य केलं होतं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्राने कायदा बदलला आणि तीही अट गेली. म्हणजे तिघा भावंडांचे दीड-दीड एकर. कायद्याने दिलेलं एका दुपारी सुटलं, कुणाचा आवाजही न चढता. वाटा मागितला की माहेर तुटतं, हे आत्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. माझे वडील वाईट नाहीत. गावात घरोघरी हेच झालं होतं, आणि मला तेच जास्त लागतं.

पुढे रस्त्याकडेचं रान विकलं. त्यातून माझी इंजिनिअरिंगची फी भागली, उरलेले पैसे पुण्यातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला लागले. विकलेलं क्षेत्र दीड एकर.

थोरल्या आत्याचा मुलगा माझ्याच वयाचा. दहावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. फीची सोय झाली नाही म्हणून बारावीनंतर त्याचं शिक्षण सुटलं. आज तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, भाड्याच्या खोलीत राहतो. कुणी माझ्या कष्टांचं कौतुक केलं की मला त्याचे मार्क आठवतात. कष्ट मी केले, ते खोटं नाही. पण ते करायची संधी मला आत्याच्या अंगठ्याने मिळाली, आणि तिच्या पोराची त्याच अंगठ्याने गेली.

वास्तुशांतीला थोरली आत्या आली होती. फरशीवरून हात फिरवत म्हणाली, "केवढं केलंस रे बाळा, एकट्यानं."

मी तिच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, "आत्या, हे तुझ्या रानातलं आहे."

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल. तुझा बाप ऐकंल."