ऑर्केस्ट्रा नाही, बँड

लेक नववीत जाणार होती त्या उन्हाळ्यात आईने पुण्याहून फोनवर विचारलं, "अगं, सुट्टीत काय करतेय ती?" मी म्हणाले, "शाळेच्या ऑर्केस्ट्रात आहे. त्याचं शिबिर सुरू होतंय." हे खोटं होतं. ती मार्चिंग बँडमध्ये होती. 'बँड' हा शब्द माझ्या तोंडून आईपुढे निघेना.

का निघेना, ते आज सरळ लिहायचं आहे. मी सदाशिव पेठेत वाढले. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'मध्यमा पूर्ण'पर्यंतची परीक्षा गाण्यात दिली. विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड ऐकायला आम्ही लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास उभे राहायचो, आणि तरीही 'बँडवाला' हा शब्द घरात कुणाबद्दल आदराने उच्चारलेला मला आठवत नाही. लग्नात बँड वाजायचा, आम्ही नाचायचो, पंगती उठायच्या. लाल डगल्यातली ती माणसं मांडवामागे कुठेतरी बसून शेवटी जेवायची. संगीत म्हणजे बैठक, तंबोरा, समोर गुरू. रस्त्याने चालत वाजवतात ते संगीत नव्हे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण ते माझ्यात पक्कं बसलं होतं आणि अमेरिकेत वीस वर्षं काढूनही हललं नव्हतं.

आम्ही इंडियानात राहतो, इंडियानापोलिसच्या बाहेर. जुलै संपता संपता इथला मका डोक्याच्या वर गेलेला असतो आणि हवा अशी दमट होते की सकाळी आठलाच कपडे अंगाला चिकटतात. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते, म्हणून बँड कॅम्प जुलैचे शेवटचे दोन आठवडे. वेळ आठ ते पाच, दुसऱ्या आठवड्यात काही दिवस रात्री आठपर्यंत. लेक फ्रेंच हॉर्न वाजवायची. बसून वाजवायचा बँड मला चालला असता, पण आमच्या शाळेत त्या वर्गात राहायचं तर मैदानावरही उतरावं लागतं. मैदानात फ्रेंच हॉर्न उपयोगाचा नाही, कारण त्याचं तोंड मागे वळलेलं असतं आणि आवाज प्रेक्षकांकडे न जाता पाठीमागे जातो. म्हणून त्या मुलांच्या हाती मेलोफोन देतात. दिसायला तो मोठ्या ट्रम्पेटसारखा असतो आणि त्याचं तोंड समोर असतं. तो तिने पहिल्यांदा घरी आणला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लग्नाची वरातच आली. मी तिला म्हणाले, "या दोन आठवड्यांत गणिताचा कोर्स झाला असता." ती काही बोलली नाही. वाद्याचे व्हॉल्व्ह पुसत बसली.

पहिले चार दिवस मी रोज संध्याकाळी तिच्याकडे बघायचे आणि मनात हिशेब मांडायचे. टाचांना फोड. मोज्यांच्या वर भाजलेला पाय, खाली पांढरा. जवळपास पावणेचार लिटरची पाण्याची बरणी सकाळी भरून न्यायची आणि ती दुपारीच रिकामी व्हायची. चौथ्या दिवशी गाडीत बसल्यावर ती रडली. पाठ दुखत होती, एक वळण तिला जमत नव्हतं आणि सगळ्यांना तिच्यामुळे पुन्हा पुन्हा मागे जावं लागत होतं. मी लगेच म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस. मी कळवते." ती डोळे पुसत इंग्रजीत म्हणाली, "मग माझा डॉट रिकामा राहील." डॉट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

त्या रात्री तिला न विचारता मी शाळेला पत्र लिहिलं: मुलीला बँडमधून काढत आहोत. पाठवायच्या आधी वाटलं, चार ठोस गोष्टी हव्यात. किती तास उन्हात उभं करतात, सावली आहे का, पाणी कधी देतात. सोमवारी पाणी वाटायला पालक हवे होते. मी नाव दिलं. मी मदतीला गेले असं सगळ्यांना वाटलं. मी पुरावे गोळा करायला गेले होते.

शाळेमागच्या पार्किंगच्या डांबरावर फुटबॉल मैदानाच्या रेषा रंगवलेल्या होत्या. दर पाच यार्डांवर एक. तिथे सुमारे १४० मुलं ओळीत उभी होती आणि लाउडस्पीकरवर मेट्रोनोम टकटकत होता. वाद्यं खाली ठेवलेली. नुसतं चालणं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल बरोबर साडेबावीस इंचांचं. सहा फूट उंच मुलाचंही तेवढंच आणि माझ्या पाच फुटी लेकीचंही. आधी टाच, मग तळवा, मग बोटं, असा पाय जमिनीवर लाटल्यासारखा टेकवायचा, म्हणजे कमरेच्या वर काही हलत नाही आणि फुंकीला धक्का बसत नाही. सूर थरथरू नये म्हणून पायाचा हा सगळा खटाटोप आहे, हे तिथल्या एका शिक्षिकेने सांगितलं तेव्हा मी हातातला पाण्याचा पेला तसाच धरून राहिले. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला मांडी बदलू दिली नव्हती, तेही याचसाठी. बैठक हलली की सूर हलतो.

मग वाद्यं उचलली. आठ मात्रांचा एक तुकडा. संपला की वरच्या मनोऱ्यावरून हाक यायची, "रिसेट!" आणि सगळे धावत मूळ जागी. पुन्हा तेच. मी मोजू लागले. पाऊण तासात तो तुकडा तीसहून अधिक वेळा झाला. एकच पलटा मी सकाळभर घोटायचे तेव्हा आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "रियाज चाललाय." तोच प्रकार उन्हात, उभ्याने, १४० जणांनी एकत्र केला की मी त्याला कवायत म्हणत होते.

डॉट काय ते मी त्या दिवशी विचारलं. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी वही असते. शोमधल्या प्रत्येक आकृतीत, म्हणजे सेटमध्ये, आपण नेमकं कुठे असायचं ते तीत लिहिलेलं. लेकीचं एक पान मला अजून पाठ आहे: डावी बाजू, ४० यार्डच्या रेषेच्या आत ३ पावलं, पुढच्या हॅशच्या मागे ६ पावलं. पहिल्याच गाण्याचे असे २६ सेट होते. त्या बिंदूवर दुसरं कुणी नसतं. फुटबॉलमध्ये अकरा जण खेळतात आणि बाकीचे बाकावर बसतात. बँडला बाकच नाही. एक मूल आलं नाही तर कमानीत तेवढं खिंडार दिसतं, आणि शेजारच्या दोघांना अंतर कशावरून मोजावं ते कळत नाही. गाडीत रडताना ती हे सांगत होती, आणि मला ते हट्टासारखं ऐकू आलं होतं.

पण माझं मत खऱ्या अर्थाने हललं ते दुपारी. वाजवताना डावीकडचा गट किंचित मागे पडत होता. मी आयुष्यभर शिकले होते की ताल चुकला तर कान उघडे ठेव, शेजारच्याचं ऐक. इथे शिक्षक नेमकं उलट ओरडत होते: "बाजूचं ऐकू नका!" मला ते चुकीचं वाटलं. विश्रांतीत एका बारावीच्या मुलाने, लेकीच्या सेक्शन लीडरने, मला जमिनीवर खडूने काढून समजावलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या मुलांत ५५ मीटर अंतर असलं, तर तिकडचा ठोका इकडे यायला ०.१६ सेकंद लागतात. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत अख्खी मात्रा ०.३८ सेकंदांची. म्हणजे जो प्रामाणिकपणे तिकडच्या टोकाचं ऐकेल तो जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडेल. म्हणून मागच्या मुलांनी लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हाताकडे बघायचं आणि पुढच्यांनी फक्त मागून येणारा आवाज ऐकायचा. तसं केलं तरच प्रेक्षकांपर्यंत सगळं एकदम पोचतं. प्रत्येकाला जे ऐकू येतं ते वेगळं, आणि तरीही समोरच्याला एकच ऐकू यावं म्हणून आपल्या कानाला आवर घालायचा. मी सोळा वर्षं गाणं शिकले. असा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नव्हता, कारण माझ्या साथीला दोन जण असायचे आणि दोघेही हाताच्या अंतरावर.

तो सतरा वर्षांचा मुलगा मग उठला आणि लेकीपुढे गुडघा टेकून बसला. तिचं ते न जमणारं वळण त्याने हाताने तिच्या बुटाचं टोक धरून दाखवलं. एकदाही आवाज चढला नाही. चौथ्या की पाचव्या वेळी तिचं वळण जमलं आणि मेलोफोनवाल्या साऱ्या मुलांनी ओरडून टाळ्या वाजवल्या. मी कूलरच्या मागे उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला माझी गरज नव्हती, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

घरी येऊन मी पत्र पुसून टाकलं. त्याविषयी तिला सांगायला मला वर्ष लागलं. सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला विचारायचं होतंस." हो. विचारायचं होतं.

मत बदललं म्हणजे सगळंच पटलं असं नाही. उन्हाबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे. त्याच कॅम्पमध्ये एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेऊन मानेला बर्फ लावला, ती तासाभरात सावरली, पण तिच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. भर दुपारी डांबरावर मुलं नकोत, एवढ्यासाठी मी आता दरवर्षी पालकसभेत उभी राहते आणि वेळापत्रक थोडं थोडं सकाळकडे सरकलंही आहे. पैसेही पुष्कळ लागतात. आम्हाला ते जमले, सगळ्यांना जमत नाहीत. आणि गणिताचा कोर्स झाला नाही तो नाहीच. दहावीत वरच्या वर्गात ती बसू शकली नाही. ते नुकसान खरं आहे, आणि मी ते मान्य करते. पण चार हजार मुलांच्या शाळेत पहिल्या दिवशी ती पाय ठेवत होती तेव्हा तिला १४० जण नावाने ओळखत होते. मी या देशात आले तेव्हा पहिलं वर्षभर मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. त्याची किंमत मला ठाऊक आहे.

माझा नवरा पर्ड्यू विद्यापीठात शिकला. तिथल्या बँडने १९०७ साली मैदानावर रांगा मोडून 'पी' हे अक्षर उभं केलं होतं, आणि मैदानावर अशी अक्षरं घडवण्याच्या परंपरेत त्यांचं नाव आरंभीच घेतात. चार वर्षं तिथे राहून तो बँड बघायला त्याला एकदाही वेळ झाला नाही. आम्हा दोघांनाही ते शिक्षणाबाहेरचं वाटत होतं. त्या नोव्हेंबरात लेकीचा शो बघायला आम्ही लुकास ऑइल स्टेडियममध्ये शेजारी शेजारी बसलो. खाली सगळी मुलं सारखी, टोपीवर तुरे, चेहरे दिसत नव्हते. तो म्हणाला, "कुठली आपली?" मी ४० ची रेषा शोधली, आत ३ पावलं मोजली. ती तिथे होती.

डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेलो. आईने कुणा पाहुणीला कौतुकाने सांगितलं, "ही तिकडे ऑर्केस्ट्रात वाजवते." लेक तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही आजी. बँड." आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो आई, बँड. ऑर्केस्ट्रा मी सांगितलं होतं, ते खोटं होतं." आई काही बोलली नाही, पण पुढे दिवसभर नातीचा हात तिने सोडला नाही.

संध्याकाळी वरात निघाली. लेक नाचणाऱ्यांत गेली नाही, बँडच्या बाजूने चालू लागली. युफोनियम वाजवणाऱ्या काकांची बोटं ती बघत होती. त्यांचंही लक्ष गेलं, आणि चालता चालता त्यांनी तिला दिसेल असं वाद्य थोडं वळवलं. ही वाद्यं इथे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आली. तिच्या मैदानावरची वाद्यंही लष्करी बँडमधूनच आली आहेत. दोन्ही प्रवाहांचं मूळ एका जागी. मी तिला हे सांगणार होते, पण ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, यांचा वॉटर ब्रेक कधी आहे?"

दीड तास झाला होता. या शहरात मी किती वरातींत नाचले ते मला मोजता येणार नाही. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

कार्यालयाच्या कोठीतून बाटल्यांचा खोका आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून आणला. झांजा वाजवणाऱ्या मुलाने झांजा काखेत धरल्या, एक बाटली एका दमात संपवली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.