निवड कोणाची?

अॅली काँडी यांची 'मॅच्ड' ही २०१० सालची इंग्रजी कादंबरी नुकतीच वाचली. तिच्यातील शासनव्यवस्था प्रत्येकाचा जोडीदार, व्यवसाय, आहार, इतकेच नव्हे तर ८० व्या वाढदिवशीचा मृत्यूही ठरवते. जुन्या साहित्यातील केवळ १०० कविता तिने शिल्लक ठेवल्या आहेत.

१७ वर्षांच्या कॅसियासाठी निवडलेला झँडर हा तिचा गुणी बालमित्र आहे. म्हणूनच मन अधिक अस्वस्थ झाले. दुसऱ्याने केलेली निवड योग्य असली, तरी ती आपली ठरते का?

आजोबांनी जपलेल्या निषिद्ध कविता कॅसियाच्या हाती येतात. हस्तलेखन विसरलेल्या त्या समाजात दुसरा एक तरुण तिला अक्षरे गिरवायला शिकवतो. त्या अक्षरांतूनच प्रेम उमलते. स्वतःचे शब्द लाभलेला माणूस आपले आयुष्यही स्वतः निवडू पाहतो. ती सत्ता कवितेला भिते, ते यासाठीच.