दम राखून

सरोदचा सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. सॅक्सोफोनचा सूर छातीत हवा आहे तोवर जगतो. शेजाऱ्याचा सूर मावळत असताना आपला कुठे सोडायचा, हे ऐकायला मी जॉन हँडीची ‘करुणा सुप्रीम’ ही तबकडी पुन्हा पुन्हा लावतो. १९७५ साली जर्मनीतल्या फिलिंगेन गावी, एमपीएस कंपनीच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. आल्टो सॅक्सोफोनवर जॅझवाल्या चार्ल्स मिंगसकडे वाजवून आलेला हँडी, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर आपल्या माहीमचा, तेव्हा २४ वर्षांचा झाकीर हुसेन, मागे तंबोरा. हँडी आणि खाँसाहेब दोघांचाही मुक्काम कॅलिफोर्नियात, आणि तबकडी निघाली जर्मनीत!

मी संभाजीनगरातला, वरातीत सॅक्सोफोन वाजवणारा. गुलमंडीत ताशा कडाडत असताना सूर नाजूक धरून भागत नाही. छाती लावायची, फुंक तोडायची नाही. त्यात मे महिन्यात नळीतली हवा तापून सूर चढतो, तो ओठ सैल करून उतरवावा लागतो. ओठानं सूर उतरवणं सोपं. चढवायला मात्र फारशी जागाच नसते. म्हणून वर जाणारी मींड हवी असेल तर ओठ आधीच ढिला ठेवून सूर खालून उचलायचा आणि मग कसायचा. ब्लूजवाल्यांचं हे रोजचंच काम. हँडी तेच घेऊन बसतो, सरोदची नक्कल करत नाही. मला ते पटतं. त्याच्या वाजवण्यात राग किती उतरला याचा हिशेब मांडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

खरी अडचण तंबोऱ्याची. जॅझमध्ये खाली कॉर्ड बदलली की वरचा तोच सूर नवा वाटतो. इथे तंबोरा जागचा हलत नाही, ती आयती मदत गेली. उरतं काय? फुंकेचा जोर, ओठ आणि थांबणं.

हल्ली मी मोबाइलवर तंबोरा लावून काळी एकमध्ये बसतो. आल्टोवर तो षड्ज बी फ्लॅटच्या पकडीत येतो. सूर धरायचा आणि दम शिल्लक असतानाच सोडायचा. बँडमधली पोरं हसतात. म्हणतात, “मामा, दम राखून वाजवणाऱ्याला सुपारी कोण देणार?”