शेजारचा विस्तव

मुंबईत अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत वाढलेल्या आमच्या पिढीची सकाळ रॉकेलच्या वासाने सुरू व्हायची. गॅलरीत नाहीतर जिन्याच्या तोंडाशी शेगडी पेटत ठेवलेली असे. जाळीवर नारळाची शेंडी, तिच्यात रॉकेलात बुडवलेला चिंधीचा बोळा, वर कोळशाचे बारीक तुकडे आणि त्यांच्यावर मोठे. काडी लावली की आधी काळा धूर, मग पांढरा. पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं, कोळसे फुलले की शेगडी कडीला धरून आत न्यायची, आणि मग कुठे चहाचं आधण चढायचं.

आता त्याच कॉलनीच्या आजूबाजूला टॉवर उठले आहेत आणि घराघरांत पाइपाचा गॅस आला आहे. खटका फिरवला की निळी ज्योत. चहा दोन मिनिटांत होतो आणि भांड्याचं बूड काळं होत नाही. या घरांत वाढणाऱ्या मुलांनी निखारा पाहिलेला असतो तो मक्याच्या कणसाच्या गाडीवर. विस्तव करावा लागतो, राखावा लागतो, रात्री राखेखाली झाकून ठेवावा लागतो, हे त्यांना सांगितलं तर ती शांतपणे ऐकून घेतात.

आमच्या घरची बिडाची शेगडी इतकी वर्षं माळ्यावर होती. ती खाली काढली तेव्हा एक पाय मोडलेला, जाळी गंजून झडलेली, आतलं मातीचं अस्तर पोपडे धरून सुटलेलं. ती पुन्हा उभी करायची असं ठरवलं. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने निघाला, राहिलेला चिंचेच्या पाण्याने. पाय जोडायला वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलकडच्या एका वेल्डरकडे गेलो. त्याने शेगडी उलटीपालटी करून पाहिली आणि बीड ठिसूळ असतं, साध्या रॉडने डाग दिला तर बाजूलाच तडा जाईल, म्हणून पट्टी लावून बोल्टने पाय बसवून दिला. जाळीसाठी मी गॅल्व्हनाइज्ड पत्रा पुढे केला, तर त्याने तो हातात घेतला नाही. त्यावर जस्ताचा थर असतो आणि तापला की त्याचा धूर छातीला बाधतो. साध्या लोखंडी सळ्यांची जाळी करून दिली त्याने. धारावीचा कुंभारवाडा तसा हाकेच्या अंतरावर, तिथून माती आणली. तिच्यात चाळलेली राख आणि तूस मिसळून आतून लिंपलं आणि सावलीतच सुकू दिलं, कारण उन्हात माती झटकन आक्रसते आणि भेगा पडतात. लोखंडाला तेलाचा हात देऊन पहिले काही विस्तव अगदी लहान केले.

हे सगळं करताना एक गोष्ट सारखी मनात येत राहिली. आज ज्याला आपण जुन्या वस्तूची डागडुजी म्हणून कौतुकाने सांगतो, ते त्या काळी घराघरांतल्या बायकांचं नेहमीचं काम होतं. अस्तर उललं की आई दुपारची झाकपाक झाल्यावर शेगडी उलटी करून राख झटकायची, माती कालवायची, बोटांनी लिंपायची. तिचे फोटो कोणी काढले नाहीत. कोळसा चाळून उरलेली भुकटी फेकायची नाही, चिखलात मळून तिचे गोळे गॅलरीत वाळत घालायचे. राख भांडी घासायला, तीच चाळून दात घासायला. कशाचाही शेवट कचऱ्याच्या डब्यात होत नव्हता. आता आपण ओला कचरा, सुका कचरा वेगळा करतो आणि डबा रोज भरतो.

कोळसा वखारीतून यायचा. लाकडी कोळसा लवकर फुलतो आणि लवकर बसतो, दगडी कोळसा पेटायला वेळ घेतो पण डाळ शिजेपर्यंत टिकतो, हे आम्हाला शाळेआधी कळलं. रॉकेल रेशनवर. 1973 च्या तेलटंचाईनंतर त्या रांगा लांबल्या आणि डबा घेऊन उभं राहायचं काम पोरांकडे आलं. खाडीपलीकडे पूर्वेला चेंबूर-माहूलच्या रिफायनऱ्यांची ज्योत रात्रभर आकाशात जळताना दिसे. एस्सोची रिफायनरी 1954 ची, बर्मा शेलची 1955 ची, आणि 1955 सालीच बर्मा शेलने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलेंडरचा गॅस आणला होता. गॅस इतक्या जवळ तयार होत होता आणि तरी आमच्या इमारतीत तो पोचायला वर्षं लागली. गॅसचा नंबर लावायचा आणि वाट बघायची. नंबर लागला तेव्हा सिलेंडरला हळदकुंकू वाहिलं, पहिलं दूध तापवलं, मजल्यावर पेढे वाटले. आता जोडणीचा अर्ज फोनवरून होतो आणि पेढे वाटण्यासारखं त्यात काही वाटत नाही.

पण माझी खरी हळहळ शेगडीपेक्षा विस्तवासाठी आहे.

शेजारून विस्तव मागून आणायचा, ही आमच्या लहानपणीची रोजची गोष्ट होती. आपली शेगडी विझलेली असेल आणि समोरच्यांची फुललेली असेल, तर रॉकेल आणि काडी कशाला खर्च करायची? आई उलथणं किंवा पत्र्याची डबी हातात द्यायची आणि म्हणायची, ‘‘मामींकडून दोन निखारे आण, पळू नकोस.’’ केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत, त्यामुळे एका मजल्यावर तमिळ मामी, पंजाबी आंटी, कोकणातल्या काकू आणि बंगाली बौदी. विस्तव मागायला गेलं की दारातून परत येता येत नसे. निखारा निवडायला वेळ लागे, तेवढ्यात आईची तब्येत विचारली जाई, परीक्षेचं विचारलं जाई, हातावर वडा नाहीतर पराठ्याचा तुकडा ठेवला जाई. परत येताना डबीतल्या लाल निखाऱ्यावर राखेची साय धरू लागे, तिच्यावर हळूच फुंकर घालत पायऱ्या चढायच्या. काही घरांत तिन्हीसांजेनंतर विस्तव देत नसत. लक्ष्मी जाते म्हणत. मग त्या घरी न जाता पुढचं दार. कोणाच्या घरी कधी काय शिजतं, कोणाकडे दोन दिवस चूल पेटली नाही, हे मजल्याला आपोआप कळायचं आणि कळलं की काही तरी केलं जायचं.

आज आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर पाणी कधी येणार ते कळतं, हरवलेली मांजर सापडते, रक्ताची गरज असेल तर दहा मिनिटांत चार माणसं उभी राहतात. माणुसकी आटली असं मी म्हणणार नाही. फक्त रोज कोणाकडे तरी काही तरी मागायला जायचं निमित्त उरलेलं नाही. शेजाऱ्याकडे आता आपण अडचणीतच जातो. तेव्हा उगाच जायचो.

आणि ते निमित्त टंचाईने दिलेलं होतं, हेही म्हटलंच पाहिजे. काडी वाचवायची म्हणून विस्तव मागायचा. ज्यांच्या घरी आधी गॅस आला त्यांनी विस्तव मागणं त्याच दिवशी थांबवलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

त्याहून कठीण गोष्ट धुराची. आम्ही ज्या वासाच्या आठवणीने हळवे होतो तो वास आमच्या आयांच्या छातीत साठत होता. मे महिन्यात बंद स्वयंपाकघरात, पदराने डोळे पुसत, पोळ्यांची चळत होईपर्यंत त्या धगीसमोर बसत. बाळंतिणीच्या खोलीचं तर आणखीच. दारं-खिडक्या लावून खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकलेलं, बाळाला धुरी दिलेली. तो वास आजही कुठे आला तर पाय थबकतात. आणि त्याच बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटत असे. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शेगडी लावून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशा बातम्या थंडीच्या दिवसांत अजूनही उत्तरेकडून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. आमच्या आया या हिशेबात कुठेही नाहीत. त्यांचा खोकला ‘तिला तशी सवयच आहे’ म्हणून घरातल्या घरात जिरला.

कणसाची गाडी सोडली तर आता मुंबईत कोळसा मुख्यतः दोन ठिकाणी दिसतो, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ बदलला आहे. टॉवरच्या गच्चीवर बार्बेक्यूसाठी तो छापील पाकिटातून येतो आणि धुराचा वास पदार्थाची किंमत वाढवतो. दुसरीकडे जीटीबी नगरच्या, म्हणजे आमच्या सायन-कोळीवाड्याच्या, पंजाबी हॉटेलांतला तंदूर. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी तो इथे आणला आणि आमच्या पिढीला तंदूरी रोटी तिथेच पहिल्यांदा मिळाली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत लाकूड आणि कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. या शहराच्या हवेकडे पाहता हा निर्णय योग्यच आहे असं मला वाटतं. गॅसच्या तंदूरमधली रोटी खाताना मला चुकल्यासारखं होतं, हेही तितकंच खरं. दोन्हींची सांगड घालता येत नाही आणि घालायची गरजही नसावी.

शेगडी तयार झाली तेव्हा ती घरात पेटवायची नाही हे आधीच ठरलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून उघड्या गच्चीवर नेली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून मागून आणला. त्यानेही आता गॅसची इस्त्री घेतली आहे, जुनं पोतं कोपऱ्यात पडून होतं. आईला खुर्चीवर बसवून वर आणलं. शेंडी नीट पसर, बारीक कोळसे मधे घाल, मोठे कडेला नको, असं ती सांगत राहिली. विस्तव धरला तेव्हा मी पुठ्ठा तिच्यापुढे केला. तिने तो घेतला नाही. म्हणाली, ‘‘मी पुष्कळ घातलाय वारा. आता तुम्ही घाला.’’

मग मी, बायको, मुलगी असा आळीपाळीने वारा घातला. भरतासाठी निखाऱ्यांवर ठेवलेली वांगी एका अंगाने जास्तच करपली, तरी सोलून, हिरवी मिरची-कांदा घालून पातेलंभर भरीत झालं. आईने दोनदा वाढून घेतलं. उरलेलं वाट्यांतून खालच्या दोन मजल्यांवर दिलं. समोरच्या ब्लॉकमधली नवी सून वाटी परत करायला आली तेव्हा तिने शेगडीला किती वेळ लागतो ते विचारलं आणि श्रावणात कणसं भाजायची असतील तर मलाही बोलवा म्हणाली.